टॉवेलाखालचा वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कोरियातल्या मासान बंदरात, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, आरशाशेजारी माझी जागा आहे. मी टॉवेल पांघरून बसलो आहे. थंडी वाजते म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय तोरा होता! पोटात जाड स्प्रिंग, डोक्यावर ताटाएवढी तबकडी. बायका रांग लावून माझ्यावर चढत. आल्या आल्या एकदा, गरम खोलीत घाम गाळून झाल्यावर पुन्हा एकदा. काटा अर्धा किलो खाली दिसला की टाळ्या वाजत, आणि लगेच तांदळाचं गार गोड सरबत घटाघटा पोटात. गेलेला अर्धा किलो तिथल्या तिथे परत! मला ते कळत होतं. पण "हा काटा कधी खोटं बोलत नाही" असं कोणी म्हटलं की मी असा फुगायचो, विचारू नका.

मग योरुम आली. सुकी मासळी विकणाऱ्या मालन्योची सव्वीस वर्षांची लेक. तिच्या बापाचं यकृत निकामी झालं होतं आणि आपल्या यकृताचा तुकडा ती त्याला देणार होती. आमच्याकडे लेकरं देतात, गाजावाजा करत नाहीत. पण तपासणीत तिच्याच यकृतावर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, दहा आठवड्यांत सहा किलो उतरव, मग बघू. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी जेवण आखून दिलं. पाच दिवस बेताचं, बुधवारी आणि रविवारी पोटभर.

एका गुरुवारी मालन्योने तिला ओढत माझ्यावर उभं केलं. काटा कालच्यापेक्षा किलोभर वर गेला.

"किलोभर वाढलीस! अगं, बापाचा जीव टांगणीला लागलाय आणि तू वाडगे चाटतेस?"

"आई, बाईंनीच सांगितलंय, बुधवारी पोटभर खा म्हणून."

"ती बाई काय तुझ्या बापाची सख्खी बहीण आहे? हा काटा बघ, काटा!"

तो किलो चरबीचा नव्हता. खारट रस्सा आणि त्याने अंगात धरून ठेवलेलं पाणी, एवढंच होतं ते. मला ठाऊक होतं. तरी मी मान ताठ करून तोच आकडा दाखवत राहिलो.

पोरीने बुधवारचं जेवण सोडलं, मग रविवारचं, मग जवळजवळ सगळंच. त्यानंतरच्या एका शनिवारी ती तीनदा गरम खोलीत बसून आली आणि माझ्यावर चढली. काटा दीड किलो खाली! बायकांनी टाळ्या वाजवल्या. योरुम हसली, आणि हसता हसताच खाली कोसळली. माझा काटा शून्यावर आला.

अंग घासून देणारी बोक्सिल धावत आली. पोरीला मांडीवर घेऊन तिने साखरपाणी पाजलं. योरुमने डोळे उघडले, तशी बोक्सिल मालन्योकडे वळली.

"अंगातलं पाणी काढून चरबी जाते का गं? तुझ्या टोपलीतली मासळी आहे का ही, वाळवायला?"

मालन्यो ओल्या फरशीवरच बसली. "मला तोही हवाय गं, बोक्सिलताई. आणि हीही."

बोक्सिलने ओला टॉवेल माझ्या तोंडावर फेकला. "आणि तू रे टोणग्या! रोज रोज थोबाड दाखवू नकोस."

तेव्हापासून योरुमपुरता माझा टॉवेल फक्त रविवारी निघे. सकाळी, उपाशीपोटी, आंघोळीच्या आधी. बुधवार-रविवारचं जेवण परत सुरू झालं. आहारवाल्या बाईंनी साफ सांगितलं होतं, रोज सारखं खाल्लं असतं तरी तेवढंच उतरलं असतं, आठवड्याचं एकूण खाणं तेवढं बघायचं. पण बुधवारी पोटभर मिळणार, या आशेवर पोरीने सोमवार-मंगळवार काढले. काटा कधी अर्धा किलो उतरे, कधी हलत नसे, एकदा तर वरच गेला. मालन्योने ओठ चावून टॉवेल परत माझ्यावर टाकला. डॉक्टरांनी दोन आठवडे वाढवून दिले. बाराव्या रविवारी सहा किलो पुरे झाले. त्या दिवशी कोणी टाळी वाजवली नाही. मालन्यो माझा खांब धरून रडली.

काल योरुम आली. पोटावर लांबलचक व्रण. बायका बघतच राहिल्या.

"काय बघताय? पाठी करा इकडे!" बोक्सिल खेकसली.

"बाबा आता वाडगाभर भात खातात, मावशी," योरुम म्हणाली. ती माझ्याकडे न बघता पुढे गेली. मालन्यो मात्र थांबली आणि माझा घसरलेला टॉवेल नीट करून गेली.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, पुसत जा. पण रोज माझ्यापुढे येऊन उभे राहू नका. मी खोटं बोललो नाही. एकाच दिवसाचं खरं बोललो, आणि त्या खऱ्यानेच एका पोरीला जमिनीवर पाडलं.