दोन बोटांचे अंतर

मित्रांनो, मी एक म्हातारा पितळी ओळंबा. भिंत सरळ उभी आहे की नाही, हे दोरीला लटकून सांगायचे, एवढेच माझे काम. लोक मला स्थिर समजतात. खरे तर मी जन्माचा भित्रा आहे.

बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तिथून मी कॅप्टन हॅविल यांच्या पेटीत पडलो आणि थेट क्रिमियाच्या युद्धावर गेलो. तोफांसाठी चर खणत, तेव्हा मला त्यांच्या कडेला सोडत. एके दिवशी गोळा पडला, चराची भिंत ढासळली आणि साहेब छातीपर्यंत मातीत गाडले गेले. मी त्यांच्या मुठीत होतो. त्यांची नाडी माझ्या पितळेला जाणवत होती. ती भीती आम्ही दोघांनी जन्मभर वाटून घेतली.

पुढे ते कर्नल होऊन निवृत्त झाले आणि इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात चुलत्यांच्या जमिनीवर राहायला आले. तिथल्या टेकडीवर एक प्राचीन, बुजलेला खंदक होता. शेजारचे जमीनदार सोन्याच्या आशेने असे खंदक जेवणाआधी उकरून मोकळे होत. कर्नलसाहेब मात्र प्रत्येक फुटके खापर कोणत्या थरात, किती खोल सापडले, ते लिहून ठेवत. "सोनं मुकं असतं. खापर बोलतं," असे म्हणत. थर नीट दिसावेत म्हणून चराच्या बाजू सुरीने चीज कापावे तशा सरळ हव्यात, हा त्यांचा नियम. म्हणून पुन्हा माझी गरज लागली. स्वतः ते खोल चरात कधीच उतरत नसत. काठावर उभे राहून सूचना देत. का, ते मलाच ठाऊक होते.

एका ऑक्टोबरात तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. चर दोन पुरुष खोल गेला होता. तळाशी ओबेड स्टिकलंड हा मजूर एक सांगाडा मातीतून सोडवत होता. भिंतींना लाकडी टेकू होते, पण थरांचे चित्र अखंड यावे म्हणून कर्नलसाहेबांनी सकाळीच ते काढायला लावले. चित्र काढणाऱ्या पिम यांनी चरावर आडवी फळी टाकली, तिला खिळा ठोकला आणि मला खाली सोडले. भिंत माझ्यापासून चार बोटांवर होती.

दुपारी ती दोन बोटांवर आली.

मी हललो नव्हतो, मित्रांनो. भिंतच माझ्याकडे येत होती. चुनखडीचे कण माझ्या अंगावर पडत होते आणि मला ओरडता येत नव्हते.

पिम यांनी वाकून पाहिले. "ओबेड, शिडी लावताना फळीला धक्का दिलास ना रे?"

"शिडी तिकडं, फळी इकडं. माझे हात काय चर्चच्या घंटेच्या दोराएवढे लांब आहेत, साहेब?"

"मग ओळंबा काय आपल्या पायांनी चालत गेला?"

कुरकुरत पिम यांनी खिळा उपटला आणि दोन बोटे पलीकडे ठोकला. पुन्हा चार बोटे. त्यांचे समाधान झाले. मी थरथरत होतो, पण लटकणारी वस्तू हलायचीच, असे त्यांना वाटले असावे.

थोड्या वेळाने कर्नलसाहेब आले. त्यांची नजर फळीवरच्या रिकाम्या भोकावर गेली.

"हा खिळा कुणी हलवला?"

"मीच, सर. अंतर कमी झालं होतं. दुरुस्त केलं."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "ओबेड! वर ये!"

"येतो की, कर्नलसाहेब. या म्हाताऱ्याचा जबडा तेवढा सोडवतो. दोनच मिनिटं."

"तो दोन हजार वर्षं थांबलाय, गाढवा! तू ये!"

ओबेड हसला आणि पुन्हा खाली वाकला. मग जे कधी घडले नव्हते ते घडले. कर्नलसाहेबांनी शिडीवर पाय ठेवला. ते माझ्या जवळून खाली गेले. त्यांनी ओबेडची कॉलर धरून त्याला शिडीवर ढकलले आणि त्याच्या मागून चढू लागले. ते वरच्या पायरीवर असताना भिंत कोसळली.

मग काळोख. अंगावर ओली, जड चुनखडी. वर कोण वाचले, कोण गेले, हे मला तीन दिवस कळले नाही. एवढा घाबरलेला मी क्रिमियातही नव्हतो.

चौथ्या दिवशी फावड्याचे टोक अंगावर बसले. तो पोचा अजून आहे.

"सापडला बघा, कर्नलसाहेब! खरं बोलला म्हणून पिमसाहेबांनी याच्यावरच आळ घेतला होता." ओबेडचा आवाज!

"दोष माझ्यावर यायला हवा," वरून साहेब म्हणाले.

अहवालातही त्यांनी तेच लिहिले: टेकू माझ्या हुकमावरून काढले, चूक माझी. त्यानंतर टेकू कधी निघाले नाहीत. त्यामुळे त्यांच्या चित्रांत थरांच्या मधे कोरे पट्टे राहू लागले. लंडनचे विद्वान नाक मुरडत. "इथले थर कुठे गेले, कर्नल?"

"तिथे टेकू होता," साहेब सांगत. "आणि खाली एक माणूस."

आता साहेब नाहीत. एका शेडचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याच्या खाली अडकवले आहे. माझ्यावर गंज चढत नाही, पण हिरवट कळा आली आहे. मला पुसले नाही तरी चालेल. एवढेच करा, मित्रांनो: एखादे साधन तुम्हाला नको असलेले माप दाखवू लागले, तर त्याला दुरुस्त करण्याआधी खाली वाकून बघा. तिथे कुणी काम करत असेल, तर आधी त्याला वर बोलवा.