बोटभर समुद्र

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी खोटारडा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पुठ्ठ्याच्या चेंडूवर नकाशाच्या बारा फाका चिकटवायच्या, एवढंच तिथलं काम. माझ्या वेळी चिकटवणाऱ्या बाईची शेजारणीशी बडबड चालू होती. एक फाक दुसरीवर चढली आणि बोटभर समुद्र कागदाखाली गडप झाला. "चालतंय गं! समुद्र कोण मोजायला बसलंय?" ती म्हणाली. वरून मला रोगण फासलं आणि खोक्यात घातलं.

मोजणारा भेटलाच. शाळेतले भूगोलाचे मास्तर माझ्यावर काळा दोरा ताणून अंतर काढायचे. "पुस्तक चुकेल, गोल चुकणार नाही," असं ते मुलांना सांगत आणि मी मेला फुगायचो! निवृत्त होताना त्यांनी मला घरी आणलं. पुढे त्यांचा एकुलता एक लेक परदेशी गेला आणि दोरा एकाच रेषेवर पडू लागला, त्याच्या विमानतळापासून आपल्या विमानतळापर्यंत, नेमका त्या गडप झालेल्या समुद्रावरून.

"नऊ तास फक्त," मास्तर बायकोला सांगत.

"नऊ तासांवर आहे, मग सहा वर्षं का लागतात हो?" मास्तरीणबाई विचारायच्या. मास्तर चष्मा पुसत बसायचे.

मग मास्तरीणबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली. लेकाचा फोन आला, "बाबा, तिकीट मिळालं. उद्या दुपारी दोनला घरी पोहोचतो. मधे विमान बदलायचंय."

मास्तरांनी फोन ठेवला आणि दोरा काढला. "दोन कसले? याची लहानपणापासून सवयच, वेळ वाढवून सांगायची. विमान बदलायला कितीसा वेळ लागतो! आपल्या घड्याळात रात्री साडेबाराला सुटतं, नऊ तास धर, वर अर्धा तास घरी यायला. सकाळी दहाला दारात हजर!"

"नक्की ना हो?"

"अगं, गोल काय खोटं बोलतो?"

मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

सकाळी मास्तरीणबाईंनी केस विंचरून घेतले. डोळा लागेल म्हणून औषधही घेतलं नाही. दहा वाजले, अकरा वाजले. नजर दारावरून हलेना. बाराला त्या म्हणाल्या, "तो निघालाच नाही. माझं मन राखायला बोललात तुम्ही." मास्तर शपथा घेत राहिले. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. एक वाजता सगळं संपलं.

लेक बरोबर दोनला आला. हातातली बॅगही खाली ठेवली नव्हती.

"वाट बघत होती?"

"दहापासून," मास्तर म्हणाले.

"दहापासून? मी दोन म्हणालो होतो, बाबा."

मास्तरांनी मला उचललं आणि माळ्यावर फेकलं. चुकलेल्या चार तासांतला दीड तास माझ्या पोटातला, कबूल. पण मधल्या विमानतळावर लेक अडीच तास ताटकळला, विमान बदलायचंय हे त्याने सांगूनही मास्तरांनी ऐकलं नाही, त्याचं काय? शिक्षा मात्र एकट्या मला. इथे माझ्यावर धूळ साचलीय आणि लेक परत गेल्यापासून बाप-लेक फोनवरसुद्धा बोलत नाहीत.

मित्रांनो, पृथ्वीगोल खुशाल फिरवा, दोरे ताणा. पण घरात कुणी डोळे लावून बसलं असेल, तर येणाऱ्याने सांगितलेलीच वेळ त्याला सांगा, आपली शहाणपणाची नको. मास्तरीणबाईंना दोन सांगितले असते, तरी त्या एक वाजताच गेल्या असत्या. पण लेकावर रुसून गेल्या नसत्या.