पप्पांच्या फोनवरचे सहा आकडे

आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये माझं टेबल भिंत आणि पलंग यांच्यामध्ये असं बसवलंय की पप्पा खुर्ची मागे सरकवून उठल्याशिवाय मला बाहेर पडता येत नाही. दुपारी चारला ते खुर्ची टाकून बसतात आणि सहाला उठतात. मधल्या दोन तासांत मला पाणी लागलं तर तेच आणून देतात. प्रेमाने आणतात, हीच तर पंचाईत आहे.

पप्पा तेहतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. ते निवृत्त झाले आणि माझी बारावी संपली, दोन्ही एकाच वर्षी. निरोपाचा हार वाळायच्या आत त्यांनी माझं बायोलॉजी हातात घेतलं. मला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे घरात सगळ्यांचं तसं ठरलं होतं आणि मी त्यात होते.

त्यांच्या विभागात एक जण यादी वाचायचा, दुसरा वस्तू बघून उत्तर द्यायचा, आणि शब्दाला शब्द जुळला तरच बरोबरची खूण. तीच पद्धत त्यांनी घरी आणली. पुस्तकातलं वाक्य वाचायचं, एक शब्द गाळायचा, तो मी भरायचा. अर्थ तोच पण शब्द वेगळा असेल तर फुली. तीन फुल्या झाल्या की धडा पहिल्यापासून.

"पप्पा, जवळपास तेच आहे की," मी सुरुवातीला म्हणायचे.

"दारूगोळ्यात जवळपास चालत नाही," ते म्हणायचे.

नीटची परीक्षा मी दोनदा दिली. दुसऱ्या वेळी सात मार्क वाढले. या वेगाने मला डॉक्टर झालेलं बघायला पप्पांना शंभरी गाठावी लागली असती. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पप्पांनी पुस्तकांना नवी खाकी कव्हरं घातली आणि म्हणाले, "दीक्षा, धडा पहिला." मला कोणी विचारलं नाही. मीही 'नाही' म्हटलं नाही. एवढ्याशा शब्दाला मी का घाबरले, हे मला आजही नीटसं सांगता येत नाही.

मी केलं ते एवढंच, की गुपचूप एका कॉलेजात बी.एस्सी.ला अर्ज टाकला. विषय भूशास्त्र. दगडांना पेशी नसतात, हा त्यांचा पहिला गुण. शिवाय अकरावीत सिंहगडाच्या पायथ्याला भूगोलाच्या बाईंनी एक कातळ दाखवून त्याची हकिकत सांगितली होती, ती मी एकदाच ऐकली आणि विसरले नाही. बायोलॉजीचं असं एक वाक्य दाखवा.

तिसऱ्या यादीत माझं नाव लागलं. सीट पक्की करायची मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत होती. त्या सकाळी कॉलेजचं पोर्टल उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. बारावीनंतर 'सेफ साइड' म्हणून पप्पांनीच तिथे माझं खातं उघडलं होतं, आणि त्यावर नंबर होता त्यांचा. अर्ज नुसत्या पासवर्डवर झाला होता, पण सीट पक्की करायला ओटीपी लागणार होता आणि तो त्यांच्याच फोनवर येणार होता. नंबर बदलायला दोन दिवस लागतात असं तिथेच लिहिलं होतं.

मी दिवसभर त्या फोनच्या मागावर होते. पप्पांनी तो चार्जिंगला लावला, तर शेजारी पेपर वाचत बसले. दुपारी आडवे झाले, तर खिशात ठेवून. मम्मी शाळेत क्लार्क आहे, ती साडेसहाशिवाय येत नाही, म्हणजे तीही मध्ये पडणार नव्हती. चार वाजले. खुर्ची आली.

"सेल सायकल," पप्पा म्हणाले. "माणसाच्या पेशीचं चक्र सुमारे किती तासांचं?"

"चोवीस."

"त्यात इंटरफेज किती टक्के?"

"पंच्याण्णवपेक्षा जास्त."

"पुढे विभाजन न करणारी पेशी जी-वन सोडून कुठल्या अवस्थेत जाते?"

"जी-झिरो. जिवंत असते, सगळी कामं चालू असतात, पण पुढे काही होत नाही." मी हे इतक्या आपुलकीने सांगितलं की पप्पांनी चष्म्यावरून बघितलं.

"पुस्तकात क्विएसंट, म्हणजे सुप्त अवस्था, म्हटलंय. फुली."

चार चाळीसला मी टेस्ट सोडवायचं निमित्त करून लॅपटॉप उघडला आणि डोळे मिटून बटण दाबलं. पप्पांच्या शर्टाच्या खिशात टुंग वाजलं. स्क्रीनवर दहा मिनिटं उलटी मोजायला लागली.

"ओटीपी आलाय," पप्पा म्हणाले.

"हो का? माझाच असेल. टेस्ट सिरीजचा. सांगा ना."

"सांगा काय? 'कोणालाही सांगू नका' असं लिहिलंय."

"मी 'कोणी' आहे का?"

"जयसिंगचं काय झालं माहितीये ना?" जयसिंगकाका त्यांच्याच विभागातले. कोणीतरी त्यांच्या मुलाचा आवाज काढून ओटीपी मागितला आणि त्यांचं खातं साफ केलं. तेव्हापासून निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातच्या आधी ओटीपीचा इशारा येतो.

"पप्पा, मी तुमच्यासमोर बसलेय. आवाज काढून नाही बोलत."

"लिहिलेलं ते लिहिलेलं. कोणालाही म्हणजे कोणालाही. त्यात 'मुलगी सोडून' असं कुठेय?"

हसावं की डोकं आपटावं ते कळेना. सात मिनिटं उरली होती.

"आणि टेस्ट सिरीज कुठली?" त्यांनी फोन लांब धरून पुन्हा वाचलं. "इथे कॉलेजचं नाव आहे. फ्रॉडच आहे हा. थांब, नंबर ब्लॉक करतो."

"नका करू!" मी ओरडलेच. "तो मी मागवलाय."

पप्पांचा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला. मग मी सांगितलं. वाक्यं उलटसुलट येत होती, पण सगळं सांगितलं. मला तिसऱ्यांदा बसायचं नाही. माझ्याने होणार नाही. झालं तरी नको आहे. सीट मिळालीये आणि पाचला जाईल.

"कशाची सीट?"

"जिऑलॉजी."

"दगड?"

"दगड."

त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "हे कधीपासून?"

"गेल्या वर्षीपासून."

"गेल्या वर्षी तू रोज उत्तरं दिलीस."

"तुम्ही रोज विचारत होतात."

हे बोलायला नको होतं, पण खरं होतं. पप्पा उठले. खुर्ची मागे सरकली, वाट मोकळी झाली, आणि मला जागचं हलता येईना. ते फोन घेऊन बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली भाजीवाल्याचा टेम्पो उलटा जात होता, त्याचं ते पीप पीप चाललं होतं. स्क्रीनवर तीन मिनिटं, मग दोन. मनात आलं, हे आता मुद्दाम थांबतील आणि वेळ गेली म्हणतील. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा इतका राग आला की भीती गेली.

दीड मिनिट उरलं तेव्हा ते आत आले. बसले नाहीत. उभ्याउभ्या म्हणाले, "चार."

"चार," मी म्हणाले आणि दाबला.

"शून्य."

"शून्य."

"नऊ. नऊ. दोन. सात. पुन्हा वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. त्यांनी फोनवर बघून मान हलवली. मी एंटर दाबलं आणि स्क्रीन हिरवी झाली. सीट पक्की.

आता ओरडतील म्हणून मी अंग आवळून बसले. ओरडले असते तर माझ्याकडे वर्षभर घोटलेली उत्तरं होती. पप्पांनी पेन्सिलीला टोपण लावलं, घड्याळाकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग उद्यापासून चार वाजता मी काय करू?"

चेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला रडू फुटलं, आणि रडतानाही राग येत होता, की सुटल्याचा आनंद व्हायला एक मिनिट तरी द्यायचं होतं.

"बघू पप्पा," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. मग पुस्तक उघडून त्यांनी पुढचा धडा काढला आणि गाळलेले शब्दही स्वतःच भरत, हळूहळू मोठ्याने वाचायला लागले.