कडू लागलं म्हणून

"कडू लागते का?"

बकारामने पुन्हा विचारलं. बांधावर पाय पसरून बसलेला त्याचा धाकटा भाऊ बुधराम कडुनिंबाचा पाला चावत होता. त्याने तोंड वेडंवाकडं केलं. "लय कडू लागते, भाऊ."

"मंग जहर नाई भरलं. उठ, भारे बांधू!"

जमलेली मंडळी हसली. पाला गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर माणूस सुटला, हीच गावाची परीक्षा. परीक्षा घेणारा बकाराम.

बुधरामच्या बायकोची, दुर्पताची, मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कापलेल्या धानाखाली उंदरांच्या मागावर आलेली घोणस तिने स्वतः पाहिली होती. कुकरसारखी फुसफुसत होती, पण जागची हलत नव्हती. हा शहाणा नवरा 'अजगराचं पिल्लू हाये' म्हणत तिला पायाने सारायला गेला, आणि ती डसली! आता घोटा टरारून सुजला होता, आणि त्याने थुंकलेल्या चोथ्यात रक्त होतं.

भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत तिने लग्नापासून पाळली होती. आज ती थेट बकारामपुढे जाऊन उभी राहिली.

"पाय पाहा त्याईचा! हिरड्यातून रक्त येऊन रायलं, न तुमाले भारे सुचते? गाडी काढा, दवाखान्यात नेऊ!"

"बाईमाणसानं मधात बोलू नोको."

"काऊन नोको? नवरा माहा हाये!"

पण बुधरामच उठला. "भाऊ सांगून रायला न? गप राय तू." आणि लंगडत कामाला लागला. थोरल्याचा शब्द मोडायचा नाही म्हणे! दुर्पता ओरडत राहिली, दोघांनीही ऐकलं नाही.

दुपारी तो भाऱ्यावरच कोसळला, तेव्हा बकारामने गाडी काढली. देवरीच्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली, तिथून गोंदियाला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, किडन्या बंद पडल्यात. काही दिवसांनी बुधराम गेला.

अंगणात पुरुष मंडळी भेटीला बसली होती. बकाराम सुस्कारा टाकून सांगत होता, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं. कोण काय करन?"

दुर्पता दारातून बाहेर आली.

"आयुष्य लय होतं त्याईचं. तुमी खाल्लं."

बकारामने मान खाली घातली. मग उठून तो फाटकाबाहेर निघून गेला. त्याची सतरंजीवरची जागा रिकामी झाली, तिथे दुर्पता बसली.