दुसऱ्यांदा वापरलेली नळी

मी एक जुनी नळी आहे. मित्रांनो, खरं तर मी जुनी व्हायलाच नको होते. पोटात दुर्बीण घालून ऑपरेशन करतात, तेव्हा दुर्बिणीला वाट करून देणारी प्लॅस्टिकची नळी म्हणजे मी. माझ्या पाकिटावर छापलं होतं, एकदाच वापरा.

पेडण्यातल्या एका लहान खाजगी इस्पितळात चोपड्याच्या जयरामचे पित्ताचे खडे माझ्या वाटेने निघाले. सगळ्यांनी डॉक्टरांचं कौतुक केलं. माझं आयुष्य तिथेच संपायला हवं होतं. पण मला धुऊन औषधाच्या पाण्यात ठेवलं. जंतू मारणाऱ्या वाफेच्या यंत्रात मी वितळले असते. बाहेरून मी लखलखत होते. माझ्या तोंडाशी रबराची झडप आहे. तिच्या घडीत जयरामचं थोडं रक्त राहिलं, आणि त्या अंधारात काहीतरी वाढू लागलं. त्याला आवाज नव्हता, तरी मला ते जाणवायचं.

मग पार्स्याची तनया टीचर ऑपरेशनला आली. बेंबीजवळून मी आत शिरले, माझ्याबरोबर तेही शिरलं. जखम आठ दिवसांत भरली. महिन्याने आपोआप उघडली. नर्स शेवंती रोज पट्टी बदलायची.

“दुखत नाही गो,” तनया एकदा म्हणाली, “पण आत कोणीतरी राहतंय असं वाटतं.”

शेवंतीने काढलेली ओली पट्टी उजेडात धरून पाहिली.

तिसऱ्या वेळी टेबलावर धारगळचा विशाल होता. भूल अजून द्यायची होती. शेवंतीने मला ट्रेमधून उचललं आणि मदतनिसाला विचारलं, “गुरुदास, हिचा पाकीट खंय आसा?”

“पाकीट नाय, बाय. धुतलेली आसा.”

“धुतलेली आहे ना? मग द्या,” डॉक्टर म्हणाले.

तिने दिली नाही. कात्रीने माझी झडप उभी कापली आणि दिव्याखाली धरली. आत तपकिरी, ओलसर थर होता. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. मग त्यांनी हातमोजे काढले. विशालचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, धातूच्या नळीने. तिचे भाग सुटे होतात, घासता येतात, वाफ सोसतात.

शेवंतीने तनयाला सगळं खरं सांगितलं. तनयाने पट्टीवर हात ठेवला. “म्हणजे ते माझं नव्हतंच,” एवढंच ती म्हणाली. आता तिला कित्येक महिने औषध घ्यायचं आहे.

मित्रांनो, मी इस्पितळाच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत कापलेली पडले आहे. त्याचं दुःख नाही. एकदाच वापरायच्या वस्तूला वेळेवर जाऊ द्या. पुन्हा वापरायची असेल ती उघडून, आतपर्यंत घासून, वाफेतून काढल्याशिवाय कोणाच्या अंगाला लावू नका. तनयाच्या पोटात मी जे ठेवून आले, ते थांबलं की अजून वाढतंय, हे मला कधीच कळणार नाही.