देऊळ आलं की वाजणारा कॅमेरा

इकडे बघा, मंडळी, इकडे! पिकअपच्या डॅशबोर्डावर, गणपतीच्या मूर्तीशेजारी, चिकटपट्टीनं बांधलेला तो एकडोळ्या गोळा म्हणजे मी. गाडीतला कॅमेरा म्हटलं की तुम्हाला वाटणार, ह्यानं काय काय रस्ते पाहिले असतील! कसले हो रस्ते! वणी-नाशिक रस्त्यानं इतक्या वेळा गेलो-आलो, पण त्यातला एक खड्डासुद्धा मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. नुसता सोसलाय. कारण माझी पाठ रस्त्याकडे आणि तोंड ड्रायव्हरकडे. गाडी चालवणारा जागा आहे की झोपलाय, एवढंच मी बघायचं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. माझ्यासारखे ढिगानं जन्मले, त्यामुळे बारसं-बिरसं काही झालं नाही. खोक्यातून निघालो तो थेट नाशिकला, कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत. दोन हजार साल नुकतंच उजाडलं होतं आणि ज्याचा त्याचा मुलगा अमेरिकेला निघाला होता. त्यांच्या आया माझ्यासमोर येऊन बसायच्या, पुरणपोळी थेट माझ्या डोळ्याला लावायच्या आणि ओरडायच्या, "दिसली का रे बाळा?" बाळाला काय दिसायचं देव जाणे, माझ्या काचेला मात्र तूप लागायचं. पण माणसाचं तोंड वाचायला मी तिथंच शिकलो. "मजेत आहे" म्हणणाऱ्या बाईचा ओठ कुठं थरथरतो, हे मला बरोब्बर कळायचं.

पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले, कॅफेवाल्यानं गाशा गुंडाळला आणि मी जुन्या वायरींच्या ढिगात जाऊन पडलो. तिथून मला उचललं निकितानं. ही पोरगी वणीच्या पलीकडच्या एका गावातली, नाशिकला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या डोक्यात एक प्रोजेक्ट होतं. ती सांगायची, बाहेरच्या देशांत आता अशा गाड्या येतायत की थोडंफार आपलं आपणच चालतात, आणि आत बसवलेला कॅमेरा ड्रायव्हरवर नजर ठेवतो. त्याचे डोळे मिटले की भोंगा! तिनं मला एका मैत्रिणीकडून आणलेल्या लॅपटॉपला जोडलं आणि मैत्रिणींना समोर बसवून डोळे उघडायला-मिटायला लावलं. पापणी लवली तर गप्प राहायचं, डोळे मिटलेलेच राहिले तर वाजायचं, हे तिनं त्या लॅपटॉपला शिकवलं. बघायचो मी, ठरवायचा तो, आणि निकिताच्या शिव्या मात्र मला. म्हणे, "ह्या कॅमेऱ्यामुळं अभ्यासाचा फज्जा उडाला!"

त्याच सुमाराला निकिताच्या घरी मोठं वाजलं. तिचे वडील धोंडीराम. नव्वदच्या दशकात कळवण-नाशिक काळी-पिवळी जीप चालवलेला माणूस, आता स्वतःच्या पिकअपमधून गावचा भाजीपाला नाशिकच्या मार्केटला न्यायचा. तर ह्या गड्यानं एका दुपारी वणीजवळच्या रसवंतीचं अख्खं छप्पर पिकअपवर घेतलं आणि तसाच पुढं गेला. कुणाला खरचटलं नाही, पण गाडीच्या टपावर उसाच्या पाचटाचं छप्पर बघून मार्केटात सगळे हसले. धोंडीरामाचा मुलगा अमोल मात्र हसला नाही.

"आबा, तुम्ही झोपता गाडीवर," तो म्हणाला. "आता बास झालं. किल्ली द्या. आपण ड्रायव्हर ठेवू."

"झोपतो? मी?" धोंडीराम ताडकन उठला. "अरे, तुझ्या जन्माच्या आधीपासनं चालवतोय! अन् गाडी घेतली तर मी काय करू? ओट्यावर बसून माशा मारू?"

त्याची बायको चंद्रभागा चुलीपाशी होती. ती भाकरी जरा जोरातच थापत होती. शेवटी निकितानं तोड काढली. कॅमेरा लावू, म्हणाली, तोच सांगेल आबा झोपतात की नाही. धोंडीरामानं छातीला हात लावून कबूल केलं, कॅमेऱ्यानं झोपला म्हटलं तर किल्ली अमोलच्या हातात. म्हणजे त्या माणसाचं सगळं आयुष्य माझ्या एका डोळ्यावर आलं. मला तर घामच फुटला असता, पण मला घाम कुठला!

दुसऱ्या दिवशी टमाट्याची कॅरेटं भरून निघालो. लॅपटॉप सीटखाली गोधडीत, मी डॅशबोर्डावर, आणि समोर धोंडीरामाचं रापलेलं तोंड. मस्त जागा माणूस! मिशा फिरवतोय, समोरच्याला शिव्या घालतोय, मधेच एखादी गवळण गुणगुणतोय. मी म्हटलं, अमोल, तुझं काही खरं नाही आता.

एवढ्यात त्यानं एकदम दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले, कपाळापाशी जोडले, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागला. भोंगा कोकलला! त्यानं डोळे उघडले, खुशाल स्टिअरिंग धरलं आणि पुढं चालला. जरा वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. हा बाबा रस्त्यात देऊळ दिसलं की नमस्कार करत होता! आणि तेवढा वेळ पिकअप आपली आपणच चालत होती. निकिता ज्या परदेशी गाड्यांचं कौतुक करायची, तसली गाडी तिच्या दारातच उभी होती की!

मला देवळं दिसत नव्हती, पण नमस्कारावरून मी देव ओळखायला लागलो. म्हसोबाला नुसती मान, त्याला मी वाजायचो नाही. मारुतीला एक हात कपाळाला आणि डोळ्यांची झटकन मिटणी. पण नांदुरीपाशी सप्तशृंगीचा गड दिसला की विचारू नका! दोन्ही हात, घट्ट मिटलेले डोळे, आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मागणं. अमोलची बढती, निकिताची परीक्षा, चंद्रभागेचे गुडघे. सगळ्यांचं सांगून व्हायचं तेव्हा डोळे उघडायचे. मी तिथं बोंबलून बोंबलून अर्धमेला व्हायचो.

मार्केटात निकिता आणि अमोल वाट बघत होते. लॅपटॉप उघडला आणि निकिताचा चेहरा पांढराफटक पडला. त्या ठोंब्याच्या हिशेबानं धोंडीराम घरून निघाला तो नाशिकपर्यंत डुलक्या काढतच आला होता.

"द्या किल्ली," अमोल म्हणाला.

मला ओरडून सांगायचं होतं, अरे, तो झोपला नव्हता! पण मला एक माइकचा कान दिलाय, तोंड नाही दिलं. धोंडीराम हबकला. खिशातली किल्ली मुठीत घट्ट धरून म्हणाला, "देवाशपथ, डोळ्याला डोळा लागला नाय माझा!"

"मग भोंगा वाजला कसा?"

"तो व्हय? तो तर देऊळ आलं की वाजतो." धोंडीरामाच्या तोंडावर कौतुक पसरलं. "लय भाविक यंत्र केलंय बघ निकितानं! मी म्हटलं, आपली पोरगी एवढी शिकली, पण देवाला विसरली नाय."

निकिता बघतच राहिली. परतीला ती स्वतः शेजारी बसली, आणि पहिल्याच देवीच्या देवळापाशी तिनं किंकाळी फोडली, "आबा! हात! हात सोडले तुम्ही!"

"कुठं सोडले?" धोंडीराम खरोखरच चकित झाला. आपण हात जोडतो, डोळे मिटतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं हो! इतक्या वर्षांची सवय, अंगात मुरलेली. आणि त्या रसवंतीसमोरच देवीची कमान होती, हे तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं.

झालं, धोंडीराम निर्दोष सुटला. झोपत नाही ना, मग बास! गावभर सांगत सुटला, "यंत्रानं सांगितलं, धोंडीराम जागा हाय." निकितानं बजावलं, हात सोडू नका, डोळे मिटू नका. तो हो म्हणाला. वर मला काढूही दिलं नाही, म्हणाला, राहू दे, सोबत होते. आणि गंमत बघा, आता तो देऊळ शोधायचाच नाही. मी वाजलो की त्याला कळायचं, देऊळ आलं! ऊन डोळ्यांवर आलं की तो डोळे बारीक करायचा, मी वाजायचो, आणि हा लगेच हात जोडायचा. मला ते लक्षण काही बरं वाटत नव्हतं.

मग दिंडोरीजवळचं ते लग्न आलं. भाच्याचं लग्न, दुपारची पंगत, जिलेबीचा आग्रह. गुडघे दुखतात म्हणून एरवी कुठं न जाणारी चंद्रभागा त्या दिवशी शेजारी बसली होती. परतीला ऊन मी म्हणत होतं. धोंडीरामाच्या पापण्या जडावल्या. एकदा सावरल्या, दुसऱ्यांदा सावरल्या, आणि मग मिटल्या. ह्या वेळी ओठ हलत नव्हते. हा नमस्कार नव्हता हो, ही खरी झोप होती!

मी वाजलो. जीव तोडून वाजलो.

धोंडीराम अर्धवट जागा झाला. कानात भोंगा. भोंगा म्हणजे देऊळ. आणि त्या भल्या माणसानं, अर्ध्या झोपेत, दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून कपाळाला जोडले!

"अहो!!" चंद्रभागा किंचाळली आणि जन्मात कधी न धरलेलं स्टिअरिंग तिनं दोन्ही हातांनी ओढलं. पिकअप रस्ता सोडून खाली उतरली, धडधडत गेली आणि चिखलात रुतून थांबली. शेजारचा गणपती माझ्यावर पडला. पाठीमागं काय होतं ते मला दिसलं नाही, पण ओरडत आलेल्या शेतमालकाच्या, सहादूच्या बोलण्यावरून कळलं, आम्ही त्याच्या कोबीत होतो.

"डोळे फुटले का? माझ्या कोबीत कुठलं देऊळ दिसलं तुम्हाला?" सहादू तणतणला. कारण धोंडीरामाचे हात अजून जोडलेलेच होते.

त्यानं ते सावकाश खाली घेतले. बायकोकडं बघितलं. तिच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं. धोंडीरामाचा ओठ थरथरला, तसाच, कॅफेतल्या आयांचा थरथरायचा तसा.

संध्याकाळी घरी त्यानं आपण होऊन किल्ली अमोलपुढं धरली. "घे बाबा," म्हणाला, "तुझ्या आईला मारलं असतं मी आज." अमोलला काही ती घेववेना. बापाचा हात तसाच पुढं. मग चंद्रभागा उठली. गुडघ्यावर हात टेकत टेकत आली आणि तिनं ती किल्ली उचलून नवऱ्याच्या खिशात घातली.

"उद्यापासनं मी बसणार शेजारी," ती म्हणाली. "देवाचं मी बघते, तुम्ही रस्त्याचं बघा. जेवण झाल्यावर झोप घेतल्याबिगर निघायचं नाय. अन् हात सोडले तर याद राखा!"

आणि मंडळी, माझी नोकरी तिथंच गेली. निकिता पास झाली, लॅपटॉप मैत्रिणीकडं परत गेला. त्या बाईपुढं माझा काय निभाव लागणार? मला डोळे मिटल्यावर कळायचं, तिला मिटायच्या आधीच कळतं. जरा पापणी जड झाली की कोपराची ढुशी, आणि गाडी चहाच्या टपरीवर. माझा भोंगा बंद करता यायचा, हिचा येत नाही.

मला कुणी काढलं नाही मात्र. पुसता पुसता कुणीतरी जरा वळवलं, त्यामुळे आता मला दोघं दिसतात. दसऱ्याला चंद्रभागेनं गाडीची पूजा केली तेव्हा हळदी-कुंकवाचं बोट नेमकं माझ्या डोळ्यालाच लावलं. तेव्हापासून ती दोघं मला पिवळी-लालच दिसतात. माझी तक्रार नाही. एवढंच सांगतो, तुम्ही गाडी चालवत असाल तर देवाला हात जोडायचं काम शेजारच्याला द्या. देव रागावत नाही, मी इतकी वर्षं बघतोय.

आजही नांदुरी आली की धोंडीरामाचे हात स्टिअरिंगवर शिवशिवतात. पण सोडत नाही. डोळे टक्क उघडे, समोर. शेजारी चंद्रभागा हात जोडते, डोळे मिटते, एकेकाचं नाव घेऊन मागणं मागते. तिचे ओठ थांबले की तो हळूच विचारतो, "माझं सांगितलं का?"

"पहिलं तुमचंच सांगितलं," ती म्हणते. "पुढं बघा."