बँडच्या मागची गाडी

शनिवारी व्हॅलेन्सियाचं लग्न आणि मंगळवारी इसिडोरच्या गाडीच्या पंख्याचं एक पातं तुटलं. ते रेडिएटरमध्ये घुसलं नाही, सरळ खाली रस्त्यावर पडलं, एवढी सभ्यता त्याने दाखवली. चव्वेचाळीस वर्षं फिरल्यावर दमायचा हक्क त्याला होताच. फक्त अजून चार दिवस कळ काढायला हवी होती.

गाडी काळी, एक्क्याऐंशी सालची, इसिडोरच्या वडिलांनी घेतलेली. बॉनेटवरची कंपनीची पाटी कुणीतरी कधीच काढून नेली होती, त्यामुळे गावठणात ती नुसती 'इसिडोरची गाडी' होती. एकोणीस नवऱ्या तिच्यातून चर्चला गेल्या. त्यांतली एक डोरोथी, जी पुढे इसिडोरची बायको झाली आणि अजून आहे. विसावी त्यांची स्वतःची मुलगी, व्हॅलेन्सिया, जायची होती. पण नेव्हिल, म्हणजे मुलगा, व्यवस्थित माणूस. त्याने पातं तुटल्याचं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत भाड्याची पांढरी गाडी बुक करून टाकली.

"ती मागे राहील, पप्पा. स्टँडबाय. तुमचा टेंपरेचरचा काटा लाल झाला की व्हॅली तिच्यात बसेल."

"काटा लाल होणार नाही."

"मग ती रिकामी येईल. त्यात काय?"

त्यात काय ते इसिडोरला सांगता येईना. माणूस आपला नीट चालतोय आणि मागून चार जण रिकामी शवपेटी घेऊन येतायत, काळजीपोटी, असं काहीतरी त्याला वाटत होतं.

बुधवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, पंखा काढलेली गाडी त्याने कशीबशी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आणली. डोरोथी सोबत होती. तिला तिथून पुढे शिंप्याकडे जायचं होतं. शिवदास पस्तीस वर्षं तिथे रेडिएटरचंच काम करत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या बापाने टाकलेला गाळा, आणि बोलीही बापाचीच, मालवणी. त्याने टेबलावर तीन पंखे मांडले. एक लोखंडी, चार पात्यांचा, तसल्याच एका मोडीत गेलेल्या गाडीचा. एक नवा प्लॅस्टिकचा, सहा पात्यांचा. आणि एक इलेक्ट्रिक, स्वतःची मोटर असलेला, कुठल्याशा छोट्या गाडीचा.

इसिडोरने लोखंडी पंख्यावर नखाने टिचकी मारली आणि कान लावला.

"हाच."

"तुका कसा कळला?"

"आवाज. हा आवाज नाक्यावरून ऐकला की माझी आई भात वाढायला घ्यायची. बाबा दारात पोचेपर्यंत ताट तयार."

"आवाजान पाणी थंड होतलां काय रे?" शिवदास म्हणाला. "गाडी जातली खंय?"

"घर ते चर्च. सहाशे मीटर."

"कितीच्या स्पीडान?"

"बँडच्या मागून."

शिवदासने चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे चालत. अरे, हो पंखो इंजिनच्या पट्ट्यार फिरता. इंजिन हळू तर हो हळू. मोठ्या रस्त्यार ठीक हा, पण बँडच्या मागे हो काय वारो घालतलो?"

"एकोणीस वेळा घातला ना."

"मग लावया. बघूया."

शिवदासने तासाभरात पंखा बसवला. आता बँड हवा. डोरोथीने पर्स काखेत मारली, गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तोंडाने ट्रंपेट वाजवत, एक पाऊल इकडे एक पाऊल तिकडे टाकत, इस्टेटच्या गल्लीतून निघाली. मागून इसिडोर पहिल्या गियरमध्ये. प्लायवूडवाल्याची माणसं चहा सोडून बाहेर आली. डोरोथीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वरातीतली बाई बघत नाही. तिसऱ्या फेरीला, लेथवाल्याच्या दाराशी, काटा लाल पट्टीला टेकला.

गाडी बंद करून इसिडोर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

"आपल्या लग्नात कसा नाही वर गेला?"

"कसा जाईल?" डोरोथी दम खात म्हणाली. "दर घराला थांबत होतो ना. फ्रेडाचं, मग धाकूमामांचं, मग ती तीन घरं ओळीने. म्हातारी बाहेर यायची, माझ्या कपाळावर क्रूस काढायची. बँडवाल्यांना घोट घोट मिळायचा. तुझा चुलत भाऊ, तो रिचर्ड, इंजिन बंद करून उतरायचा आणि स्वतःही घ्यायचा. चर्चला पोचेपर्यंत गाडी थंड होती, रिचर्ड गरम होता."

इसिडोरने बोटांवर घरं मोजली. अकरा. अकरा वेळा इंजिन बंद, अकरा वेळा दहा-दहा मिनिटं. त्यांतलं एक फ्रेडाचं उरलं होतं. बाकी दहांच्या जागी टॉवर होते, आणि टॉवरला दारात येणारी म्हातारी नसते, गेट असतं. चव्वेचाळीस वर्षं तो ज्या पंख्याचं कौतुक करत आला होता, त्या पंख्याने लग्नात तरी फारसं काही केलंच नव्हतं. गाडी शेजाऱ्यांनी थंड ठेवली होती.

"तो मोटरवाला लाव," तो शिवदासला म्हणाला.

शनिवारी चार वाजता वरात निघाली. पुढे बँड, बँडमध्ये नाचणारी डोरोथी, मग काळी गाडी, चालवायला इसिडोर, मागच्या सीटवर व्हॅलेन्सिया आणि तिच्या ड्रेसचा घेर. शेवटी पांढऱ्या रिकाम्या गाडीत नेव्हिल. फ्रेडाच्या दारात बँड थांबला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या फ्रेडाने खिडकीतून हात घालून क्रूस काढला आणि नवरीचा मेकअप थोडा बिघडवला. मग वरात पुढे सरकली. नवा पंखा आपला आपण सुरू होत होता, आपला आपण बंद होत होता. काटा मधोमध. इतका शहाणा काटा इसिडोरने त्या गाडीत कधी पाहिला नव्हता. त्याला स्वतःला काही कामच उरलं नाही. ह्या चालीने वीस मिनिटांत चर्च येणार होतं.

धाकूमामांच्या घराच्या जागी अठ्ठावीस मजले होते. गेटसमोर इसिडोरने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. बँड चार पावलं पुढे जाऊन थबकला.

वॉचमन धावत आला. "अंकल, गेट के सामने नहीं."

"गरम हो गयी है," इसिडोर म्हणाला.

व्हॅलेन्सिया पुढे वाकली. चेहऱ्यावरचा जाळीचा व्हेल बाजूला करून तिने काट्याकडे नीट पाहिलं, मग बापाच्या मानेकडे, मग वॉचमनकडे.

"बहोत गरम है, भैया," ती म्हणाली. "दस मिनट तो लगेंगे."

इसिडोरने खाली उतरून बॉनेट उघडलं आणि चिंताक्रांत चेहऱ्याने आत बघत उभा राहिला. बँडवाल्यांनी थांबलोच आहोत तर म्हणून दुसरं गाणं धरलं. मागून नेव्हिल पळत येत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बाई काय वाजतंय ते बघायला आली.

पुढे अजून नऊ घरं होती.